सगळ्याला एकच घाण वास: वास परत येताना बिघडून आला तर?

टाचणी

वास जाणं म्हणजे काय हे कोव्हिडनंतर बहुतेकांना ठाऊक झालंय. गेलेला वास परत येताना बिघडून येतो, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

माझं थोडक्यात सांगते. व्हायरल तापात वास पार गेला. काही आठवड्यांनी जरा जरा यायला लागला, मी खूश. पुढे दोनेक महिन्यांनी कॉफीला अचानक भलताच वास यायला लागला. जळकं रबर आणि काहीतरी सडलेलं, हे त्यातल्या त्यात जवळचं वर्णन. पावडर खराब झाली असेल म्हणून नवा डबा फोडला, तोही तसाच. मग परतलेला कांदा, लसूण, अंडं, भाजलेलं मांस. मग टूथपेस्ट, काही शाम्पू, अगदी स्वतःचा घामसुद्धा. सगळ्याला एकच वास! आणि तो आयुष्यात पूर्वी हुंगलेल्या कुठल्याही घाणीशी नीट जुळत नाही, त्यामुळे ‘नक्की कसा येतो गं?’ असं कुणी विचारलं की मला काहीच सांगता येत नाही.

डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं, आत सगळं स्वच्छ आहे म्हणाले, कागदावर ‘पॅरोस्मिया’ लिहिलं आणि ‘वेळ द्या’ म्हणून सांगितलं. घरच्यांचं मत विचाराल तर हे मनाचे खेळ आहेत. वजन उतरत चाललंय ते मात्र त्यांनाही दिसतंय.

कुणाला झालंय का असं? नेमकं बिघडतं कुठे? आणि वेळ द्यायचा म्हणजे किती?

निवडुंग

टाचणी, हात मिळवा. तुम्ही लिहिलेली यादी जवळजवळ शब्दशः माझी आहे. माझ्याकडे त्यात चॉकलेट आणि शेंगदाणे वाढवा. फळं, दूध, साधा भात यांचा काही त्रास नव्हता. सगळ्यात वाईट काय होतं सांगू? जवळच्या माणसांचा वास. मुलाला जवळ घेतलं की श्वास रोखून धरायचो आणि त्याला ते कळू नये म्हणून आणखी धडपड.

आता बरंच बरं आहे. पूर्ण नाही. सविस्तर नंतर लिहितो.

अर्धविराम

कान-नाक-घसा विभागात काम करतो, म्हणून थोडं लिहितो. हा सल्ला समजू नका, तपासल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. समोर कॉफी आहे आणि तिचा वास विकृत येतोय, तो पॅरोस्मिया. समोर काहीच नाही, तरी धुराचा किंवा सडल्याचा वास येतोय, तो फॅन्टोस्मिया. काही जणांना दोन्ही होतं. तिसरा एक प्रकार असा की घाण खरोखरच नाकात, सायनसमध्ये किंवा दातात असते आणि रुग्णाला तिचाच वास येत असतो. डॉक्टर ‘कधी येतो, कशाने येतो, कुठल्या बाजूने येतो’ असं खोदून खोदून विचारतात ते एवढ्यासाठी.

बिघाड कुठे होतो? नाकाच्या अगदी छतापाशी वास ओळखणाऱ्या चेतापेशींचा एक छोटा पट्टा असतो. माणसात वासाचे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर (वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं) आहेत आणि एका पेशीवर साधारणपणे एकाच प्रकारचा. (या रिसेप्टरांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं.) या पेशींचे तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि मेंदूच्या गंधकंदात (वासाचे संदेश पहिल्यांदा पोचतात तो भाग) ठरलेल्या ठिकाणी जोडले जातात. एका प्रकारच्या सगळ्या पेशींचे तंतू एकाच ठिकाणी. कुठली ठिकाणं एकदम चेतली यावरून मेंदू वास ओळखतो.

शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा मेल्या की मेल्या, पण वासाच्या पेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात. संसर्गात त्या मोठ्या संख्येने गेल्या की नव्यांना वर जाऊन आपापली जागा शोधावी लागते. घराचं वायरिंग नव्याने केल्यावर पंख्याचं बटण दाबलं की दिवा लागावा, तसं काहीसं इथे होतं असं एक मत आहे. दुसरं मत असं की जोडण्या चुकत नाहीत, पण काहीच प्रकारच्या पेशी परत आलेल्या असतात, त्यामुळे मेंदूला वासाचा अर्धामुर्धा तुकडाच मिळतो आणि तो घाण लागतो. बहुधा दोन्हींत तथ्य आहे. तुमचा त्रास ताप गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी सुरू झाला, तेही नेहमीचंच. नव्या पेशी कामाला लागण्याचा काळ तोच.

उंबरठा

माहितीपूर्ण. पण एक शंका. घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात त्यात काहीच तथ्य नाही का? आजारपणात जे खाल्लं त्याची नंतर शिसारी बसते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. वास आठवणींशी जोडलेला असतो असंही वाचलंय. मग ही शिसारीच कशावरून नाही?

खलबत्ता

उंबरठा, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर रसायनशास्त्राने दिलंय. माझं काम गॅस क्रोमॅटोग्राफीचं (मिश्रणातले रेणू यंत्राने वेगळे करण्याचं) आहे म्हणून हा विषय मला भारी आवडतो, सहन करा.

इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठातल्या जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉफीच्या वासात शेकडो रेणू असतात. यंत्रातून कॉफीचा अर्क सोडला की हे रेणू एकेक करून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. यंत्राच्या तोंडाशी नाक लावून माणूस बसवायचा आणि काय वास येतो ते सांगायला लावायचं. पॅरोस्मिया असलेली २९ माणसं बसवली, शिवाय धड नाकाची काही. समोर कॉफीचा कप नाही, कुठला रेणू कधी येणार ते माहीत नाही. तरी पॅरोस्मियावाल्यांनी पुन्हा पुन्हा त्याच त्या मोजक्या रेणूंवर बोट ठेवलं: असे १५ निघाले. सगळ्यात जास्त जणांना छळणारा होता २-फ्युरानमिथेनथायॉल. धड नाकाला त्याचा खमंग, भाजल्यासारखा वास येतो, यांना तोच किळसवाणा. शिसारी असती तर ती ‘कॉफी’ या वस्तूची असती, नळीतून येणाऱ्या एका बिननावाच्या रेणूची नव्हे.

आता टाचणींची यादी बघा. कॉफी, परतलेला कांदा, भाजलेलं मांस, निवडुंग यांचं चॉकलेट आणि शेंगदाणे. वरवर काही संबंध नाही, पण सगळीकडे उष्णता लागलेली आहे. साखर आणि अमिनो आम्लं तापली की माइलार्ड अभिक्रिया होते (फ्रेंच रसायनज्ञ माइलार्ड, १९१२) आणि तिच्यातून थायॉल (गंधक असलेले रेणू), पायरेझीन असे रेणू तयार होतात. लसूण, कांदा, अंडं यांत मुळातच गंधक. यातले पुष्कळसे रेणू नाकाला इतक्या कमी मात्रेत कळतात की अब्जांश भाग म्हणजेही खूप झालं. म्हणून नाक अर्धवट बरं झालेलं असताना हेच आधी ‘ऐकू’ येतात आणि बाकीचे सौम्य वास, जे त्यांना सावरून घेतात, ते येतच नाहीत. फळं, दूध, भात यांत हे रेणू फारसे नाहीत. झालं की नाही कोडं पूर्ण?

उंबरठा

झालं. शंका मागे. यंत्राच्या तोंडाशी नाक लावून बसण्याची नोकरी कुठे मिळते हा मात्र नवा प्रश्न (हलकेच घ्या).

टाचणी

खलबत्ता, हा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. ‘म्हणजे खरंच येतो वास?’ एवढंच म्हणाले, पण स्वर बदललाय. टूथपेस्टचं काय पण? ती कुणी भाजत नाही.

खलबत्ता

तिथे माझी यादी तोकडी पडते. उत्तेजक रेणू फक्त भाजण्यातून येतात असं नाही, आणि माणसागणिक यादी बदलते. पुदिन्याच्या चवीची सोडून दुसऱ्या चवीची किंवा बिनवासाची पेस्ट घेऊन बघा. कित्येकांचं तेवढ्यावर भागतं.

गवाक्ष

धागा चांगला आहे, पण ‘वेळ द्या’ हे सगळ्यांना लागू नाही हे ठळक अक्षरात लिहायला हवं.

मलाही सडका वास यायचा. आधी अधूनमधून, मग रोज. मला पक्की खात्री की हा पॅरोस्मियाच, कारण तोवर सगळीकडे त्याच्याबद्दल छापून आलं होतं. फरक दोन होते आणि ते मला बायकोने दाखवले. पहिला, कॉफी असो नसो, वास यायचाच, आणि वाकून बुटाची नाडी बांधायला गेलं की भपकाराच. दुसरा, तो फक्त उजव्या बाजूने. डावी नाकपुडी एकदम ठणठणीत. शेवटी सीटी स्कॅनमध्ये उजवा सायनस भरलेला निघाला आणि त्याचं मूळ वरच्या दाढेत. तिचं रूट कॅनल फार पूर्वी झालं होतं, दुखत अजिबात नव्हती. आधी दंतवैद्य, मग दुर्बिणीतून सायनस साफ. वास गेला तो गेलाच.

अर्धविराम

गवाक्ष यांनी नेमकी गोष्ट सांगितली. एकाच बाजूने येणारा सडका वास हा दुसरं काही सिद्ध होईपर्यंत नाकातला किंवा सायनसमधला खरा वास समजायचा. वरच्या मागच्या दाढांची मुळं गालामागच्या सायनसच्या तळाला अगदी चिकटून असतात, त्यामुळे दाताचा संसर्ग वर चढतो. दुसरं कारण सायनसमध्ये साठलेला बुरशीचा गोळा. त्याला औषधाने फरक पडत नाही, काढावाच लागतो. एकाच बाजूने रक्त येणं किंवा नाक बंद असणं जोडीला असेल तर ताबडतोब दाखवा.

लहान मूल असेल आणि एकाच नाकपुडीतून घाणेरडा वास, शेंबूड येत असेल तर त्याने आत काहीतरी कोंबलंय असं धरून चाला. मणी, स्पंज, कागद, काहीही. बटण सेल असेल तर मात्र तासांचा खेळ आहे, आतला पडदा जाळून भोक पाडतो. घरी चिमट्याने काढायचे प्रयोग नकोत.

आणि याच्या बरोबर उलटा एक आजार, ओझिना. नाकाचं अस्तर सुकतं, आत खपल्या धरतात, समोरच्याला उभं राहवत नाही इतकी दुर्गंधी, आणि रुग्णाला स्वतःला पत्ताच नसतो कारण त्याच्या वासाच्या पेशीही गेलेल्या असतात. जुन्या पुस्तकांत याला ‘मर्सिफुल अ‍ॅनोस्मिया’ म्हटलंय, म्हणजे ‘वास न येण्याची दया’. रुग्णाच्या शेजारी बसणाऱ्यावर ती दया नसते, हे पुस्तक लिहिणाऱ्याला सुचलं नसावं.

पाणपोई

माझ्या धाकट्या बहिणीचं वेगळंच आहे. काहीही जळत नसताना तिला जळल्याचा वास येतो. अर्धा-पाऊण तास टिकतो आणि मग डोकं ठणकायला लागतं. घरात सगळे गॅस, प्लग, इस्त्री तपासत फिरायचो. आता ती म्हणते, ‘जळतंय, म्हणजे गोळी आणा.’ हे यात बसतं का?

अर्धविराम

बसतं. मायग्रेनच्या आधी वासाचा भास होऊ शकतो. प्रकाशाच्या रेषा दिसण्याच्या मानाने तो बराच दुर्मिळ, पण नोंदलेला आहे. साधारण पाच मिनिटं ते तासभर टिकतो आणि बहुतेकांना काहीतरी जळल्याचाच वास येतो. हे तिच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं नसेल तर घाला.

काही सेकंद ते फार तर एक-दोन मिनिटं टिकणारा, दर वेळी हुबेहूब तोच, आपसूक येणारा आणि आपसूक जाणारा वास मात्र वेगळा. त्याच्या जोडीला पोटातून वर काहीतरी चढल्यासारखं वाटणं, ‘हे आधी घडलंय’ असा भास, क्षणभर टक लावून बघत राहणं, ओठ चाटणं असं काही होत असेल तर ती टेम्पोरल लोबमधून (मेंदूचा कानाजवळचा भाग) उठणारी फिट असू शकते. इंग्रज चेतातज्ज्ञ ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा झटक्यांचा संबंध मेंदूच्या त्या भागाशी जोडला. इथे नाकाच्या डॉक्टरकडे वेळ घालवू नये. न्यूरॉलॉजिस्ट, ईईजी, एमआरआय. माणूस खाली पडून हातपाय झाडत नाही म्हणून ही फिट आहे हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

सूरपेटी

यावरून जॉर्ज गर्शविन आठवला. अमेरिकन संगीतकार, जॅझ आणि ऑर्केस्ट्राची मोट बांधणारा. फेब्रुवारी १९३७ मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःचीच रचना पियानोवर वाजवताना तो काही सूर चुकला आणि नंतर म्हणाला की त्या वेळी जळक्या रबराचा वास आला. पुढे तो वास परत परत येत राहिला, डोकेदुखी सुरू झाली, तोल जाऊ लागला. तपासण्या झाल्या, पण हिस्टेरिया असेल असं ठरवून त्याला घरी पाठवलं. जुलैत तो बेशुद्ध पडला, घाईघाईने शस्त्रक्रिया झाली, मेंदूत गाठ निघाली आणि ११ जुलैला तो गेला. वय ३८.

कुणाला घाबरवायला लिहीत नाही. ‘मनाचे खेळ’ हा शेरा किती जुना आहे ते सांगावंसं वाटलं.

टाचणी

सूरपेटी, घाबरवायला नाही म्हणताय, पण जळक्या रबराचं वर्णन मीच केलंय हो वर!

अर्धविराम

टाचणी, तुमचा वास वस्तू समोर आली की येतो आणि तो व्हायरल तापानंतर सुरू झालाय. गर्शविनचं प्रकरण यात बसत नाही. निवांत झोपा.

फॅन्टोस्मिया असलेल्यांसाठी एक ढोबळ परीक्षा सांगून ठेवतो. वास येत असताना एकेक नाकपुडी बोटाने दाबून बंद करा. एखादी बंद केल्यावर वास थांबला तर बिघाड बहुधा त्या बाजूला नाकातच आहे. दोन्ही बंद करूनही वास तसाच राहिला तर तो वरून, मेंदूकडून येत असण्याची शक्यता वाढते. यावरून निदान करायचं नाही, पण डॉक्टरांना हे सांगितलंत तर त्यांचे पंधरा प्रश्न वाचतात.

आणि नसलेला वास येणं वाटतं तितकं विरळा नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या ७,४०० हून अधिक लोकांच्या सर्वेक्षणात दर १५ माणसांत साधारण एकाला तो येत असल्याचं आढळलं. ते विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे कोव्हिडच्या आधीची गोष्ट. त्यातले फारच थोडे डॉक्टरकडे गेले होते. कारणं पुष्कळ: डोक्याला मार, जुनाट सायनस, काही औषधं, पार्किन्सन्स. बऱ्याचदा कारण सापडत नाही आणि तो हळूहळू आपोआप विरतो.

काठावर

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय. आमच्या घरातल्या एकाला वाटतं की त्याच्याच अंगाला घाण वास येतो. आम्हाला कुणालाच येत नाही. दिवसातून कितीदा तरी आंघोळ, कपडे बदलणं. बसमध्ये कुणी खिडकी उघडली किंवा नाकाला हात लावला की ‘बघ, माझ्यामुळे’. कॉलेज सोडलंय. आम्ही ‘अरे नाही येत’ म्हणून थकलो. हाही नाकाचाच आजार आहे का?

अर्धविराम

काठावर, बरं झालं लिहिलंत. याला ऑलफॅक्टरी रेफरन्स डिसऑर्डर म्हणतात. १९७१ मध्ये प्राइस-फिलिप्स या डॉक्टरांनी याचं वेगळं वर्णन केलं, आणि आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा आहे. ओसीडीच्या (तेच ते विचार आणि त्याच त्या कृती सुटत नाहीत तो आजार) घरातला आजार. नाकाचा डॉक्टर, दंतवैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ एकदा बघून घेतील, टॉन्सिलमधले खडे, हिरड्या वगैरे खऱ्या कारणांची शहानिशा व्हायलाच हवी. ट्रायमिथाइलअमिन्युरिया नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे, त्यात अंगाला खरंच मासळीसारखा वास येतो आणि तो कधी येतो, कधी नाही. लघवीच्या तपासणीत कळतो. हे सगळं नसेल तर उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडे. ओसीडीत वापरतात ती औषधं आणि सीबीटी (विचार-वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) या दोन्हींनी फरक पडतो.

‘येत नाही रे’ हे शंभरदा सांगून उपयोग होत नाही, उलट तो दर पाच मिनिटांनी विचारायला लागतो. त्याऐवजी ‘तुला किती त्रास होतोय ते दिसतंय, त्या त्रासावर उपाय करू’ असं म्हणून बघा. वासाबद्दल वाद न घालता त्याला डॉक्टरपर्यंत न्यायची वाट तिथून सापडते. जगणं नकोसं झाल्याचं तो बोलत असेल तर मात्र थांबू नका, आजच न्या.

काठावर

धन्यवाद. शब्द वापरून बघते. बाकी व्यक्तिगत निरोपात लिहिते.

निवडुंग

माझं सविस्तर लिहायचं राहिलं होतं.

मी वासाचा व्यायाम केला, स्मेल ट्रेनिंग. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये त्याचा अभ्यास मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, चारही वास सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. छोट्या बाटलीत कापसावर तेलाचे थेंब, ती नाकापासून जरा दूर धरायची, दहा-पंधरा सेकंद हलकेच हुंगायचं आणि हुंगताना तो वास पूर्वी कसा यायचा ते आठवायचं. हे आठवणं महत्त्वाचं, नाहीतर माणूस फोन बघत बाटली फिरवत राहतो. लवंग सुरुवातीला मला असह्य होती. ती बाजूला ठेवून दुसरा सोसवेल असा वास घेतला.

याने झालं की काळाने, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. गेलेला वास परत आणण्यासाठी या व्यायामाचा पुरावा बरा आहे, विकृत वास सुधारण्यासाठी तितका भक्कम नाही. पण खर्च नाही, धोका नाही, आणि रोज काहीतरी करतोय ही भावना उरते. बदल असा झाला की कॉफी ‘घाण’ची आधी ‘विचित्र’ झाली, मग ‘फिकी’. ‘छान’ अजून झालेली नाही.

हिंगाष्टक

मला कुणीतरी जस्ताच्या गोळ्या आणि नाकात तेल सोडायला सांगितलंय. व्हिडिओत तर एक जण चार थेंबांत वास परत आणतो. खरं का?

अर्धविराम

नाकात तेल सोडू नका. व्यायामातली तेलं हुंगायची असतात, घालायची नाहीत. निलगिरीचं किंवा लवंगेचं तेल अस्तराला भाजतं. शिवाय सवयीने तेल सोडत राहिल्यास ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

जस्त तर नाकाचा जुना वैरी. १९३७ मध्ये टोरंटोत पोलिओ टाळण्यासाठी हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं. पोलिओ टळला नाही, काहींचा वास मात्र गेला. तरी साठेक वर्षांनी सर्दीसाठी जस्ताचं नाकातलं जेल बाजारात आलंच, आणि लोकांचा वास गेल्याच्या तक्रारी आल्यावर २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) त्याविरुद्ध इशारा दिला. पोटातून घ्यायच्या गोळ्यांनी तसं होत नाही, पण शरीरात जस्ताची कमतरता नसेल तर त्यांचा फायदाही दिसत नाही.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं चालेल, पाणी उकळून गार केलेलं हवं. स्टेरॉइड, व्हिटॅमिन एचे थेंब, मानेतल्या नसांच्या गाठीला दिलेलं इंजेक्शन, यांवर कामं झाली आहेत. पण पॅरोस्मियावर नक्की लागू पडतं असं म्हणण्याजोगं एकही औषध आज नाही. जो चार थेंबांत बरं करतो त्याला विचारा, तो पंधराव्या दिवशीच्या रुग्णाचे व्हिडिओ टाकतो की दुसऱ्या वर्षीच्या?

सूरपेटी

गर्शविन १९३७, टोरंटो १९३७. नाकाचं वर्ष काही बरं नव्हतं.

खलबत्ता

अजून एक घ्या. मार्च १९३७, टेक्ससमधलं न्यू लंडन गाव. शाळेच्या तळघरात नैसर्गिक वायू गळून साठला होता. त्याला वास नसल्याने कुणाला कळलं नाही, स्फोटात तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वायूत मुद्दाम उग्र वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. आपल्या सिलिंडरमध्ये असतो तो इथाइल मरकॅप्टन, म्हणजे पुन्हा थायॉलच.

आता गंभीर मुद्दा. ज्यांना सगळ्याला एकच वास येतो त्यांना गॅस गळला तर तो ओळखता येईलच असं नाही. त्यांच्यासाठी तो रोजच्या कांद्यासारखाच! घरात गॅस डिटेक्टर आणि धुराचा अलार्म बसवा. शिळं अन्न हुंगून ठरवू नका, डब्यावर तारीख घाला.

पाणपोई

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बहिणीकडेही डिटेक्टर बसवायला सांगते. ‘जळतंय’ म्हटल्यावर खरंच जळतंय का ते तिलाही कळायला हवं ना.

टाचणी

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. जेवणाचं कुणी सांगाल का? सध्या फळं आणि पाव यांवर गाडी चालू आहे.

निवडुंग

जेवण गार करून खा. गरम वाफ म्हणजे रेणूंचा लोंढा. त्याच पदार्थाचा गार झाल्यावर निम्मा त्रास होतो. भाजणं-तळणं टाळून उकडलेलं, वाफवलेलं. कांदा-लसूण काही महिने बंद. मी चव ओढून आणली ती आंबट, गोड, खारट यांवर, कारण त्या जिभेच्या चवी आहेत, नाक बिघडलं तरी शाबूत राहतात. आंबट तर फारच उपयोगी. कुरकुरीत काहीतरी पानात असू द्या, तोंडाला तेवढाच विरंगुळा.

प्रथिनं सुटतात, तिकडे लक्ष ठेवा. अंडी आणि मांस दोन्ही गेल्यावर माझं तेच झालं होतं. दही, पनीर, थंड दूध चालत असेल तर त्यावर भर द्या. पोहताना लावतात ती नाकाची क्लिप जेवताना लावणारेही आहेत, दिसायला ध्यान दिसतं पण काम करते. घरात दुसरं कुणी स्वयंपाक करत असेल तर तेवढा वेळ बाहेर चक्कर मारून या, खिडक्या उघड्या ठेवायला सांगा.

आणि दर महिन्याला, रोज नव्हे, एकदा घोटभर कॉफी हुंगून बघा. रोज बघितलं की काही हललेलं कळत नाही आणि जीव जातो.

अर्धविराम

निवडुंग यांच्या यादीला अनुमोदन. ‘वेळ किती’ या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंय. व्हायरल संसर्गानंतरचा पॅरोस्मिया बहुतेकांचा काही महिने ते दोनेक वर्षांत निवळतो. काहींचा त्याहून जास्त टिकतो, थोड्यांचा पूर्ण जात नाही. काही अभ्यासांत पॅरोस्मिया झालेल्यांचा गेलेला वास जास्त प्रमाणात परत आलेला दिसला, सगळ्या अभ्यासांत नाही. डोक्याला मार लागून झाला असेल तर आशा कमी धरावी, तिथे हाडाच्या चाळणीत तंतूच तुटलेले असतात.

टाचणी, पुढच्या भेटीला जाताना वजनाची नोंद घेऊन जा आणि वासाची रीतसर चाचणी मागा. पेनसारख्या कांड्या किंवा खरवडून हुंगायच्या पट्ट्या असतात, त्यातून आकडा मिळतो. सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा केली की सुधारतंय की नाही हे अंदाजावर राहत नाही.

टाचणी

पुढच्या आठवड्यात जाणारच आहे, चाचणी मागते. आज पेस्ट बदलली. नवीन बिनवासाची आहे, दात घासताना पहिल्यांदाच उमासा आला नाही. गार दही-भातही पोटभर गेला. घरच्यांनी कांदा बाहेरच्या गॅलरीत परतायला सुरुवात केलीय, आता शेजारी काय म्हणतात बघू.